रुई, सरकी आणि संशोधन

तंत्रविद्यापीठांतून होणाऱ्या संशोधनाचा इतिहास हा विषय किन्हीराजाच्या श्रोत्यांपुढे मांडायचे आम्ही ठरविले, तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांला सरळच विचारले, "प्रयोगशाळांच्या गोष्टी इथे कोण ऐकणार? इथला माणूस कापूस-सोयाबीनवाला." प्रश्न आम्हांला मोलाचा वाटला, कारण त्याचे उत्तर त्यांच्याच वाक्यात होते. महाराष्ट्रात रसायनतंत्राचे जे संशोधन उभे राहिले, त्याचे मूळ बऱ्याच अंशी कापसात आहे. आणि कापूस काही मुंबईत पिकत नाही. तेव्हा हा इतिहास परक्याचा नव्हे, आपल्या घरून निघून गेलेल्या मालाचा आहे, असे समजून आपण तो ऐकावा अशी विनंती करून आम्ही आरंभ करतो.

मालेगाव तालुक्यातल्या कोणत्याही वेचणाऱ्या बाईच्या ओटीतला कापूस घ्या. जिनिंगमध्ये गेला की त्याची दोन अंगे होतात. क्विंटलभर कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते आणि जवळजवळ दुप्पट वजनाची सरकी उरते. रुई गाठी बांधून गिरणीला जाते. सरकी घाण्याला जाते, नाहीतर गोठ्यात. या दोन अंगांच्या मागोमाग दोन विद्या निघाल्या. रुईमागची विद्या मुंबईत माटुंग्याला वाढली, सरकीमागची नागपुरास. पुढे या दोघींची एका ठिकाणी गाठही पडली; पण ती गोष्ट तिच्या जागी येईल.

आधी थोडे मागे गेले पाहिजे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६७ पर्यंत आगगाडी थेट नागपूरला पोचली. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी गाडी कारंज्यावरून धावू लागली, तीही कापसासाठीच. वाशीम हा त्या काळी स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा झाला. मधल्या त्र्याण्णव वर्षांत जिल्हा नव्हता, पण कापूस मात्र जातच होता.

हे लोहमार्ग, पूल, कालवे बांधायला सरकारला हाताखालची माणसे हवी होती. १८५४ साली पुण्यात जो इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला त्याचा उद्देश तेवढाच होता. त्यातूनच पुढे पुण्याचे नामांकित अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तिथे यंत्रविद्येबरोबर कापडाचे तंत्र शिकविण्यात येऊ लागले. या संस्थांनी उत्तम माणसे दिली यात शंका नाही. परंतु पूल कसा बांधावा हे शिकविणे निराळे आणि पुलाबद्दल अद्याप काय कळलेले नाही याचा शोध घेणे निराळे. पहिल्या कामाला शाळा पुरते. दुसऱ्या कामाला ज्याला आपण आज तंत्रविद्यापीठ म्हणतो ते लागते, आणि ते आपल्याकडे पुष्कळ उशिरा आले.

त्या उशिराच्या काळात नागपुरास एक गोष्ट घडली. जमशेटजी टाटा यांनी मुंबई सोडून नागपुरास गिरणी काढली, ती कापूस जिथे पिकतो तिथेच तो कातावा म्हणून. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली आणि टाटांच्या वैभवाचा पाया तिने घातला. १८९८ च्या सुमारास त्याच टाटांनी संशोधनाच्या विद्यापीठासाठी ३० लाख रुपयांच्या मालमत्तेची देणगी देऊ केली. ते १९०४ साली वारले आणि संस्था १९०९ साली बंगळूरला स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या विभागांत रसायन होते, विद्युत्तंत्र होते. वऱ्हाड-नागपूरच्या कापसाने मिळवून दिलेल्या पैशातला काही भाग असा बंगळूरला विद्येच्या रूपाने स्थिर झाला. आम्ही याबद्दल तक्रार करीत नाही. विद्या कुठेही वाढली तरी चांगलीच. पण हिशेब मांडायला बसलो आहोत तर ही रक्कम जमेच्या बाजूला लिहिली पाहिजे.

आता रुईकडे वळू. कोऱ्या कापडाला भाव नसतो. भाव असतो तो रंगविलेल्या, छापलेल्या कापडाला. पूर्वी आपल्याकडे रंग झाडांतून येत. नीळ होती, मंजिष्ठ होती, आलाच्या मुळांचा तांबडा रंग देऊन खारवा तयार होई. १८५६ साली विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज पोराला डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग मिळाला आणि झाडांच्या रंगांचे दिवस भरले. १८६९ साली मंजिष्ठेतला तांबडा रंग कृत्रिम रीतीने बनला. १८९७ साली जर्मन कारखान्याची नीळ बाजारात आली आणि बंगाल-बिहारची नीळशेती बसली. ही नीळ हाती येण्यामागे जर्मन रसायनशास्त्रज्ञांची जवळजवळ वीस वर्षांची खटपट होती हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आमच्या रंगाऱ्याचे कसब काही कमी नव्हते. मात्र त्याच्या भट्टीजवळ, हा रंग लागतो तो का लागतो, असे विचारणारा पगारी माणूस कोणी बसविला नव्हता. जर्मनांनी तो बसविला होता.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि जर्मनीचा रंग येणे बंद झाले. मुंबईच्या गिरणीवाल्यांना तेव्हा पहिल्यांदा कळले की कापूस आपला, गिरणी आपली, मजूर आपले, पण कापडावरचा रंग परक्याचा आहे. युद्धानंतर चौकश्या झाल्या, समित्या बसल्या. १९२१ साली मुंबई सरकारने तंत्रशिक्षणाचा विचार करण्यासाठी सर विश्वेश्वरय्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. सरकारी चाकांना गती यायला वेळ लागतोच. अखेर १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने आपला रसायनतंत्र विभाग उघडला. त्यात दोनच शाखा होत्या, एक कापडाच्या रसायनाची आणि दुसरी रासायनिक अभियांत्रिकीची. पहिले प्रमुख फॉर्स्टर हे इंग्रज होते. विभागाला स्वतःचे घर नव्हते. आरंभीची वर्षे त्याने रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या इमारतीत बिऱ्हाड केले आणि १९४३ साली तो माटुंग्याच्या आवारात गेला. यूडीसीटी या चार अक्षरांनी पुढे तो ओळखला जाऊ लागला.

१९३८ साली या विभागाचे पहिले भारतीय प्रमुख म्हणून कृष्णस्वामी वेंकटरामन आले. मद्रासकडचे हे गृहस्थ मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकलेले. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात असताना त्यांनी फुलापानांतल्या पिवळ्या रंगद्रव्यांवर काम केले. ती द्रव्ये तयार करण्याची एक रासायनिक क्रिया त्याच सुमारास इंग्लंडातील बेकर यांनाही स्वतंत्रपणे सापडली, म्हणून जगभरच्या पुस्तकांत ती बेकर-वेंकटरामन क्रिया म्हणून शिकविली जाते. एखाद्या हिंदी माणसाचे नाव रसायनाच्या क्रियेला कायमचे चिकटावे, ही गोष्ट तेव्हा साधी नव्हती.

परंतु आम्हांला त्यांचे मोठे काम वाटते ते दुसरेच. रंगाच्या कारखानदारीतले खरे ज्ञान पुस्तकांत नव्हतेच. ते जर्मन कंपन्यांच्या कुलपांत होते. पेटंटाच्या कागदात अर्धे सांगायचे आणि अर्धे झाकायचे ही त्यांची रीत. १९४५ साली जर्मनी पडला, तेव्हा जेत्या राष्ट्रांचे तज्ज्ञ त्या कारखान्यांतून फिरले, कपाटे उघडली गेली आणि कृतींचे अहवाल छापून कोणालाही घेता येतील असे ठेवले गेले. आता कागदांचे ढीग मिळाले. पण ढीग म्हणजे विद्या नव्हे. कोणता रंग कशाचा बनलेला आहे, तो सुताला का धरतो, उन्हात का उडतो, धुण्यात का टिकतो, हे सगळे एका सूत्रात ओवणारा माणूस हवा होता. तो माटुंग्याला बसला होता. वेंकटरामन यांचा कृत्रिम रंगांच्या रसायनावरील दोन खंडांचा ग्रंथ १९५२ साली न्यूयॉर्कहून निघाला आणि त्या विषयातला तो जगाचा आधारग्रंथ ठरला. पुढे त्यांच्या संपादनाखाली मालिका वाढून आठ खंडांची झाली.

आमच्या मते तंत्रविद्यापीठाचे संशोधन म्हणजे काय याचे हे उत्तम उदाहरण आहे. यात नवा शोध होता, आणि विखुरलेल्या, लपविलेल्या, अर्धवट सांगितलेल्या ज्ञानाला शिकता येईल असे रूप देणेही होते. ज्या देशाला पन्नास वर्षे रंगाचा डबा फक्त विकत मिळत होता, त्या देशातल्या विद्यार्थ्याला आता त्या डब्याच्या आत काय आहे हे वाचता येऊ लागले. त्याच वर्षी, १९५२ सालीच, वलसाडजवळच्या अतुल कारखान्याचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. देशातल्या रंगाच्या मोठ्या कारखानदारीचा तो आरंभ होता.

वेंकटरामन १९५७ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यामागून १९६६ साली त्या खुर्चीवर बसले ते त्यांचेच माटुंग्याचे शिष्य बाळ दत्तात्रेय टिळक. टिळक रंगांच्या रसायनात मुरलेले, ऑक्सफर्डला रॉबिन्सन यांच्याकडेही काम केलेले. १९७८ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी पुण्यात ग्रामीण भागासाठी विज्ञान-तंत्र वापरात आणणारे एक केंद्र उभारले. देशातील मोठ्या प्रयोगशाळेचा संचालक निवृत्तीनंतर खेड्याच्या अडचणींकडे वळतो, हे पाहून बरे वाटते. मात्र खेड्याची पाळी निवृत्तीनंतरच का यावी, असेही मनात आल्यावाचून राहत नाही.

आता सरकी. ती आपल्या घरातली वस्तू आहे. सरकी भिजवून, शिजवून म्हशीला घालतात आणि दुधाला स्निग्धता येते, हे इथल्या कोणत्याही आजीबाईंना ठाऊक आहे. पण तीच सरकी कोंबडीला घातली तर? कोंबडी खंगते आणि तिच्या अंड्याचा बलक हिरवट पडतो. याचे कारण गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य. कपाशीने ते किडींपासून स्वतःच्या रक्षणासाठी बनविलेले असते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात त्याचे विष बरेच मारले जाते. कोंबडीच्या नि माणसाच्या पोटात मारले जात नाही. म्हणून सरकीत शेकडा १८ ते २० तेल असूनही ते थेट कढईत घालता येत नाही. घाण्यातून निघते ते तेल काळपट-तांबडे असते. त्यात कॉस्टिक सोडा घातला की तेलातली आंबट द्रव्ये आणि गॉसिपॉल साबणाच्या गाळाबरोबर खाली बसतात; मग मातीतून गाळून रंग काढायचा, आणि निर्वातात वाफ सोडून वास घालवायचा. इतके सोपस्कार झाले की सरकीचे तेल जेवणात येते.

हे सोपस्कार शिकविणारी विद्या नागपुरास आली ती एका माणसाच्या मृत्युपत्रामुळे. कामठीचे उद्योजक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० साली आपल्या संपत्तीपैकी सुमारे ३५ लाख रुपये नागपूर विद्यापीठाला उपयोजित विज्ञान आणि रसायन यांच्या शिक्षणासाठी ठेवले. टाटांच्या देणगीशी ताडून पाहा: आकडा तिच्यापेक्षा मोठा आहे, जरी मधल्या तीस वर्षांत रुपया बराच स्वस्त झाला होता. नागपूर विद्यापीठ तेव्हा अवघे सात वर्षांचे होते. १९२३ सालचा त्याचा जन्म. अशा पोरसवदा विद्यापीठावर एवढा विश्वास टाकणाऱ्या त्या कामठीकराचे नाव विदर्भात घरोघर माहीत असायला हवे होते. लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था प्रत्यक्षात निघाली १९४२ साली, म्हणजे ऐन महायुद्धात, चळवळीच्या वर्षी. तिथे रासायनिक अभियांत्रिकीबरोबर तेलतंत्राची शाखा रुजली. आजूबाजूला कपाशी, जवस, तीळ, करडई पिकत असताना तेलाखेरीज दुसरे काय शिकवायचे होते!

जगाच्या शोधनिबंधांच्या यादीत नागपूरचे नाव माटुंग्याइतके वर येत नाही हे मान्य केले पाहिजे. पण तेलाच्या कारखान्यांतून फिरताना नागपूरचे तेलतंत्रज्ञ हमखास भेटतात. घाण्याच्या ढेपेत शेकडा सहा-सात तेल राहून जाते. तेच हेक्झेन नावाच्या पातळ द्रवाने धुऊन काढले तर पेंडीत एक टक्काही उरत नाही. हेक्झेन मागाहून उडवून पुन्हा वापरायचा, तो हवेत जाऊ द्यायचा नाही, कारण एका ठिणगीने सारा कारखाना जाईल. हे रोजचे कौशल्य ज्यांच्या हातात असते त्यांचे नाव कुठे छापून येत नाही. २०२३ साली या नागपूरच्या संस्थेला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मृत्युपत्रापासून मोजले तर ९३ वर्षे झाली होती.

आता रुई आणि सरकी यांच्या विद्या जिथे भेटल्या तिथे येऊ. १९३० पासून आपल्याकडे वनस्पती तूप बनू लागले, आधी मुख्यतः भुईमुगाच्या तेलापासून आणि पुढे सरकीच्याही. तेलात निकेल धातूची बारीक पूड टाकायची, तापवायचे, आणि खालून हायड्रोजन वायू सोडायचा. तेल थिजण्याजोगे होते. ऐकायला सोपे आहे. पण भांड्यात काय चालते ते पाहा. वायूचा बुडबुडा, पातळ तेल, निकेलचा कण, हे तीन निराळ्या जातीचे पाहुणे एका पंगतीला बसवायचे असतात. वायू तेलात फार थोडा विरघळतो. तो बुडबुड्याच्या कातडीतून तेलात उतरणार, तेलातून निकेलपर्यंत जाणार, मग क्रिया होणार. यात वेळ कुठे जातो? ढवळणी वाढवावी की निकेल? छोट्या भांड्यात जमले ते दहा टनांच्या भांड्यात का बिघडते? कारखानदार हे अनुभवाने, म्हणजे चुका करून, शिकत होते.

हा प्रश्न केवळ तुपाचा नव्हता. खतांचे कारखाने, सोडा, औषधे, सगळीकडे कुठला तरी वायू कुठल्या तरी द्रवात उतरवायचा असतोच. त्याचा मुळापासून विचार माटुंग्याला झाला. मनमोहन शर्मा हे मूळचे जोधपूरचे, पण पदवी माटुंग्याची. केंब्रिजला डँकवर्ट्स यांच्याकडे संशोधन करून १९६४ साली ते परत आले आणि सत्ताविसाव्या वर्षी याच विभागात प्राध्यापक झाले. बुडबुड्यांच्या सगळ्या कातडीचे क्षेत्रफळ मिळून किती, हे मोजायला कोणती फूटपट्टी लावणार? या कामी एक युक्ती होती आणि तिच्यावर शर्मा व त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुष्कळ मेहनत घेतली. जिचा वेग आधीच बिनचूक माहीत आहे अशी एक रासायनिक क्रिया निवडायची, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारख्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्याची. सपाट, मोजलेल्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला किती वायू शोषला जातो ते ठरले, की तेच द्रावण बुडबुड्यांच्या भांड्यात घालायचे. तासात एकूण किती वायू गेला त्यावरून आतल्या कातडीचे क्षेत्रफळ निघते. रापणीवरून शेताचा अंदाज करण्यासारखेच हे आहे: एका तासात किती कापूस वेचला जातो हे ठाऊक असले, तर दिवसाच्या गाठोड्यावरून किती बाया वेचायला होत्या ते सांगता येते.

डँकवर्ट्स आणि शर्मा यांचा याविषयीचा १९६६ सालचा लेख आजही काढून वाचला जातो, कारण धुराड्यातून बाहेर पडणारा कार्बन वायू पकडू पाहणाऱ्या आजच्या शास्त्रज्ञांपुढे तोच प्रश्न नव्याने उभा आहे. १९८४ साली शर्मा यांनी दोरायस्वामी यांच्यासह अशा मिश्र क्रियांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. १९९० साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. शर्मा कारखानदारांचे सल्लागारही होते आणि त्याबद्दल कोणी नाक मुरडले तर आम्हांला ते पटत नाही. कारखान्यात अडलेला प्रश्न सोमवारी प्रयोगशाळेत येई आणि विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा विषय होई; त्यामुळेच त्या प्रबंधांना बूड होते. डॉ. रेड्डीज या औषधकंपनीचे संस्थापक अंजी रेड्डी, रिलायन्सचे मुकेश अंबानी हे याच माटुंग्याचे विद्यार्थी. २००८ साली या विभागाचे अभिमत विद्यापीठ झाले आणि २०१८ साली त्याची एक शाखा जालन्याला निघाली. आपल्या गावावरून जाणारा जुना नागपूर-औरंगाबाद रस्ता धरून पश्चिमेला निघाले की जालना लागतेच.

अलीकडे विद्यापीठांच्या संशोधनाचे मोजमाप होऊ लागले आहे. किती निबंध, प्रत्येकाला किती उल्लेख, किती पेटंटे. २०१६ पासून केंद्र सरकार दरवर्षी क्रमवारीच प्रसिद्ध करते. मोजू नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु बाजारात किती गाड्या आल्या हे मोजून त्यांत कापूस किती आणि कवडी किती हे कळत नसते. वेंकटरामन यांच्या आयुष्यभराच्या निबंधांपेक्षा त्यांचे ते दोन खंड अधिक माणसांच्या कामी आले असतील. नागपूरच्या तेलतंत्रज्ञाने वाचविलेला हेक्झेन कुठल्याच यादीत येत नाही. आणि जी कामे यादीत वर होती, त्यांतली काही पुढच्या संशोधनाने उलटवली. वनस्पती तुपाचेच घ्या. तेल हायड्रोजनाने थिजविताना त्यात ट्रान्स मेद तयार होतात आणि ते हृदयाला घातक असतात हे मागाहून निश्चित झाले; जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे त्यांवर शेकडा २ ची मर्यादा आली. ज्या विद्येने ते तूप घरोघर नेले, तिच्याच पुढच्या पायरीने ते डबे मागे घ्यायला लावले. याला आम्ही विद्येचे अपयश म्हणणार नाही. स्वतःची चूक दुरुस्त करण्याची सोय ज्या उद्योगात असते तो उद्योग जिवंत असतो.

आमचे खरे गाऱ्हाणे निराळे आहे. रुईवर विद्या झाली, सरकीवर झाली. पण कपाशी लावणाऱ्या माणसाच्या जिवावर किती झाली? २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-मजूर दगावले. फवाऱ्यातले औषध रेणूरेणूने अभ्यासलेले होते. पण पुरुषभर वाढलेल्या कपाशीत, दमट हवेत, ऑक्टोबरच्या उन्हात, अंगात सुती सदरा घालून, पाठीवर पंप घेऊन चालणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात किती थेंब जातात, आणि त्याला अंगावर सहन होईल असे कापड कोणते द्यावे, हा प्रश्न रसायनाचा आहे, कापडाचा आहे, यंत्राचाही आहे. म्हणजे तो सर्वस्वी तंत्रविद्यापीठाचा आहे. रंग सुताला का धरतो यावर आठ खंड झाले. विष सदऱ्याला का धरते यावर दहा पानेही इथल्या माणसाच्या हाती पडली नाहीत.

गॉसिपॉलच्या बाबतीत मात्र एक चांगली बातमी आहे. अमेरिकेत टेक्सास येथील विद्यापीठात कीर्ती राठोड या मूळच्या भारतीय शास्त्रज्ञाने पुष्कळ वर्षे खपून अशी कपाशी तयार केली, की जिच्या पानाखोडात किडींसाठी गॉसिपॉल राहते, पण सरकीत ते नगण्य होते. २०१८ साली तिथल्या कृषिखात्याने तिच्या लागवडीला मोकळीक दिली आणि पुढच्या वर्षी ती सरकी अन्न म्हणून वापरायलाही संमती मिळाली. म्हशीची सरकी माणसाच्या ताटात येण्याची वाट त्यामुळे निघाली आहे. ती वाट आमच्याकडून का निघाली नाही, हे विचारायला हरकत नसावी; सरकीचे ढीग तर आमच्याच अंगणात होते.

आता आपल्या शिवारात कपाशी कमी आणि सोयाबीन जास्त दिसते. पिकाबरोबर प्रश्नही बदलले. सोयाबीन पावसाच्या एका खंडाने हातचे जाते. म्हणून तेलापेक्षा आधी पाण्याचा हिशेब आला. आणि तो हिशेब करायला एक तंत्रसंस्थाच आली, हे या इतिहासातले अगदी ताजे पान आहे. पवईची आयआयटी १९५८ साली, सोव्हिएत रशिया आणि युनेस्को यांच्या साहाय्याने, वरळीच्या एका तात्पुरत्या जागेत सुरू झाली. तिथल्या संशोधनाचा पसारा केवढा तरी मोठा आहे. टाटा रुग्णालयाबरोबर तिने सिद्ध केलेला रक्ताच्या कर्करोगावरील पेशींचा उपचार २०२४ साली देशाला अर्पण झाला. पण त्याच संस्थेत १९८५ पासून ग्रामीण भागाच्या तंत्राचे एक केंद्रही आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ साली नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. वाशीम जिल्हा त्यात आहे. त्या प्रकल्पातल्या गावांसाठी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत पवईच्या लोकांनी बसवून दिली.

हा ताळेबंद घरखर्चासारखाच आहे. पर्जन्यमापकावर रोज पाऊस किती पडला ते जमा. त्यातला किती ओढ्याने वाहून गेला, किती जमिनीत मुरला, किती मुळांपाशी ओल म्हणून राहिला, किती आणखी खाली विहिरीपर्यंत गेला, ते खर्चाचे रकाने. पिकाला रोज किती हवे होते आणि किती मिळाले, यातली तूट दिवसादिवसाची काढायची आणि मग शेततळे हवे की बांध हवा की एक पाणी देण्याची सोय हवी, हे गावाने बसून ठरवायचे. यात नवे सिद्धांत थोडे आहेत. बुडबुड्याच्या कातडीइतके सूक्ष्म गणित नाही. परंतु मेहकरकडची उथळ बरड आणि कारंज्याकडची खोल काळी यांना एकाच पावसात निरनिराळा न्याय मिळतो, ही इथल्या माणसाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक असलेली गोष्ट विद्यापीठाच्या वहीत आकड्यांनी प्रथमच अशी नोंदली गेली.

आम्ही तो कागद एका गावी पाहिला. जमिनीची खोली या रकान्यातला आकडा सरकारी नकाशावरून घेतलेला होता. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तो वाचून मान हलविली, बोटाने शिवारातला तुकडा दाखविला आणि म्हणाला, "इथं दोन हातांवर मुरूम लागते. मी विहीर खंदली हाये." कागद घेऊन आलेल्या मुलीने पेन काढले आणि नकाशातला आकडा खोडून त्याचा आकडा लिहिला.